आधी वही, मग संस्था

सोलापूरच्या एका २६ वर्षांच्या मुलीचा प्रश्न आहे. जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. झाली आहे, सध्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. आई विडी कामगार. चार वर्षांपूर्वी, वयाच्या ४४ व्या वर्षी आईला स्तनाचा कॅन्सर झाला, मुंबईत उपचार झाले, आता ती घरी आहे. मुलगी विचारते: कॅन्सरच्या संशोधनात जाऊ की रुग्णांना मदत करण्याच्या कामात? स्वतःची संस्था काढायचं मनात आहे, सुरुवात कुठून करू? आणि यात पोट भरतं का?

वयाने तू माझ्या भाचीएवढी आहेस, म्हणून एकेरीतच लिहिते. मी २७ वर्षं या कामात आहे. पहिली सहा वर्षं खेड्यापाड्यांतून फिरणारी फील्ड वर्कर, पुढची सहा रुग्णालयात समाजसेविका, आणि गेली पंधरा वर्षं सोलापुरात एका लहान ट्रस्टची कार्यवाह.

तुझ्या पहिल्या प्रश्नातला ‘की’ मला मान्य नाही. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाने तरी या दोन वाटा वेगळ्या मानू नयेत, आणि त्याचं कारण बार्शीत आहे. १९८७ साली बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी, म्हणजे त्या भागात कुणाला कोणता कॅन्सर झाला याची सलग नोंद, सुरू झाली. मुंबईची नोंदणी १९६३ पासून होती, पण ती शहराची. बार्शीच्या नोंदणीत बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं होती. शहरात नोंदणी करणारा माणूस रुग्णालयं आणि लॅब फिरून कागद गोळा करतो. इथे माणसं रुग्णालयापर्यंत पोचतच नव्हती, तर कागद कुठून येणार? म्हणून कार्यकर्ते गावोगाव गेले. गावातल्या जाणत्या माणसांना भेटायचं, घरोघरी विचारायचं: कुणाच्या तोंडात न भरणारी जखम आहे का, कुणाच्या छातीत गाठ आहे का, पाळी गेल्यावरही कुणाच्या अंगावरून जातंय का. असा कुणी सापडला की त्याला तपासणीला आणायचं.

हे करता करता काय झालं, ते पुढे शोधनिबंधात छापूनही आलं. काही वर्षांतच गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झालेल्या बायका आधीच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या. नवं यंत्र आलं नव्हतं, नवं औषध आलं नव्हतं. मोजायला गेलेल्या माणसांनी दारात बसून विचारपूस केली आणि काय दिसलं तर लगेच यायचं, ते समजावून सांगितलं, एवढंच. आता तू मला सांग, हे संशोधन झालं की सेवा?

त्याच पायावर पुढे मोठं काम उभं राहिलं. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात याच कॅन्सरच्या तपासणीसाठी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. बार्शीचे डॉ. बी. एम. नेने, टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांचं हे एकत्र काम. गावांचे ५२ गट केले. काही गटांत हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, काहींत पॅप, म्हणजे तिथल्या पेशी घेऊन केलेली तपासणी, काहींत ॲसेटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, आणि काही गटांत नेहमीची व्यवस्था तशीच. २००९ साली निकाल आला: आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने त्या गटातले या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगभर हा निकाल वाचला गेला.

यावर टीकाही झाली, ती तू वाचच. ज्या गावांत तपासणी केली नाही, तिथल्या बायकांचं काय? त्यांना माहिती दिली होती, तपासणी कुठे होते ते सांगितलं होतं, पण तपासणी त्यांच्या दारी गेली नाही. मला या अभ्यासाचा अभिमान आहे आणि हा प्रश्न मला आजही बोचतो. या क्षेत्रात येणाऱ्याने हा प्रश्न अंगावर घेतलाच पाहिजे. संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीत वैद्यकीय क्षेत्राबाहेरचा सामान्य नागरिक, समाजशास्त्राचा किंवा नीतिशास्त्राचा आणि कायद्याचा जाणकार असावेच लागतात, ते यासाठीच. अशा समितीत मी काही वर्षं बसले. संमतिपत्राचा मराठी मसुदा मोठ्याने वाचायचा आणि ‘हे विडी वळणाऱ्या बाईला कळेल का?’ एवढंच विचारायचं, हे माझं तिथलं काम. पुष्कळदा मसुदा परत जायचा.

लशीची गोष्टही अशीच. २००९ मध्ये मुलींना एचपीव्ही लशीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे पाहणारा अभ्यास देशात सुरू झाला. बार्शी त्यातलं एक केंद्र. २०१० मध्ये, दुसऱ्याच एका प्रकल्पातल्या घटनांनंतर, सरकारने अशा अभ्यासांतलं लसीकरण थांबवलं. हजारो मुलींना एकच डोस मिळाला होता. अभ्यास बारगळला असं कुणीही म्हटलं असतं. पण त्या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. त्या मोठ्या झाल्या, लग्नं होऊन परगावी गेल्या, तरी त्यांना वर्षानुवर्षं शोधून भेटत राहिले, तेव्हा दिसलं की एक डोससुद्धा भक्कम संरक्षण देतो. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसचा पर्याय मान्य केला, त्यामागच्या पुराव्यात या मुली आहेत. शास्त्रज्ञांची नावं निबंधावर असतात. पण ‘ती आता सासरी असते, पत्ता घ्या’ असं सांगणारी शेजारीण आणि तो पत्ता वहीत लिहून घेणारी कार्यकर्ती नसती, तर निबंध लिहायला काही उरलंच नसतं.

म्हणून मला तुला एकच गोष्ट सांगायची आहे: या कामात रुग्णाचं पुढे काय झालं, हे माहीत असणं म्हणजेच सगळं काम. ते माहीत नसेल तर सेवाही अर्धी आणि अभ्यासही अर्धा. हे मी पुस्तकातून नाही, एका चुकीतून शिकले.

सोलापूरच्या पूर्व भागातला एक यंत्रमाग कामगार होता, तोंडाचा कॅन्सर. आम्ही त्याचं सरकारी आरोग्य योजनेचं काम करून दिलं, शस्त्रक्रिया झाली, बाहेरगावी शेक (रेडिएशन) सुरू झाले. सोमवार ते शुक्रवार रोज एक, एकूण तेहतीस. माझ्या रजिस्टरात त्याच्या नावापुढे मी ‘उपचार चालू’ लिहिलं आणि निश्चिंत झाले. तीन महिन्यांनी त्या गल्लीत दुसऱ्याच कामाला गेले, तर तो मागावर उभा. गळ्याभोवती ओला पंचा, शेकाने मानेची कातडी काळी पडलेली. एकोणिसावा शेक घेऊन तो परत आला होता. बोलता नीट येत नव्हतं. त्याने हाताने छप्पर दाखवलं, मग अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं. खोलीचं भाडं. उपचार फुकट होते. राहणं फुकट नव्हतं, आणि इकडे घरी हप्ता, म्हणजे आठवड्याची मजुरी, बंद होता. शेक मध्येच तुटले की उरलेल्या पेशी पुन्हा वाढायला लागतात, नंतर ते कितीही घेतले तरी आधीइतके लागू पडत नाहीत. तो गेला. माझ्या रजिस्टरात तेव्हाही ‘उपचार चालू’च होतं.

त्यानंतर ट्रस्टच्या पैशाची वाटणी आम्ही उलटी केली. औषधाला कमी, राहण्या-जेवण्याला जास्त. आणि वहीत तीन रकाने नवे आले: पुढची तारीख, त्या तारखेला कोण फोन करणार, आणि फोन लागला नाही तर घरी कोण जाणार. एवढं लिहायला सहा ओळी लागतात, पाळायला आयुष्य जातं. पण ही वही वर्षभर नीट ठेव आणि मग वाच; कोणत्या टप्प्यावर माणसं गळतात ते दिसायला लागेल. आमच्याकडे सगळ्यात जास्त माणसं निदान आणि पहिला उपचार यांच्या मधल्या दिवसांत गळत होती, हे आम्हाला वहीनेच सांगितलं. आम्ही त्याआधी समजत होतो की केमोला घाबरून गळतात.

प्रत्यक्ष काम काय असतं, ते सांगते. पहिलं काम कागदाचं. आपला जिल्हा या बाबतीत जुना आहे: राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं. तीच आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. रेशन कार्डावर एक नाव, आधारवर दुसरं स्पेलिंग, यात आठ-आठ दिवस जातात. रुग्णालयात योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राशी ओळख ठेवलीस तर दोन दिवसांत सुटतं. धर्मादाय रुग्णालयांत निर्धनांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के सवलतीत राखून ठेवायच्या असतात, हे महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ ‘एए’ खाली आहे. रुग्णालयाच्या काउंटरवर ते नम्रपणे, पण नाव घेऊन सांगता यायला हवं. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीला तिकीट माफ असतं, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत. त्याला रुग्णालयाचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघणाऱ्या कितीतरी घरांना हे माहीतच नसतं. दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती इथे राहायची सोय होते, पण तिथेही आधी विचारून ठेवावं लागतं. पहाटे दादरला उतरून रुग्णाला घेऊन जागा शोधत फिरायचं नसतं. तुझ्या आईबरोबर तू गेली असशील, तर यातलं बरंच तुला माहीत असणार, आणि ते तुझ्या एम.एस्सी.इतकंच मोलाचं आहे.

दुसरं काम भाषेचं, आणि याबद्दल मी जरा रेंगाळणार आहे. विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, मी एका आजीकडे गेले होते. मांडीवर सूप, पानं कापणं चालू, दाताला मिश्री. त्यांना फक्त तेलुगू येत होतं. मला विचारायचं होतं, अंगावरून जातंय का, किती दिवसांपासून. दुभाषा कोण, तर अकरा वर्षांचा नातू. त्याने माझ्याकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, आणि काहीतरी तिसरंच विचारलं. आजीने मान हलवली, ‘सगळं ठीक.’ मी उठून आले. महिनाभराने शेजारणीने त्यांना सिव्हिलला नेलं तेव्हा निदान झालं. त्या वर्षी मी तेलुगू शिकायला लागले. व्याकरण आजही कच्चं आहे, पण पाळी, रक्त, गाठ, दुखणं, भीती एवढं बोलता येतं. अक्कलकोटकडे गेलीस तर कन्नड लागेल. तुझी मातृभाषा तेलुगू असेल, तर तुझ्याकडे असलेली ही सगळ्यात दुर्मीळ पात्रता आहे. अर्जात ती सर्वांत वर लिही.

तिसरं, लक्षणं ओळखायला शिक. तू डॉक्टर नाहीस, निदान करू नकोस. पण तोंड उघडून तीन बोटं उभी आत जात नसतील, कडक भाकरी सोडून वरणात कुस्करलेली पोळी खायला लागला असेल, तर त्या तंबाखूचा मावा खाणाऱ्या पोराला उद्याच तपासायला पाठव. आणि बाईला अंगावरून जातंय म्हणून कुणी तुकडा न तपासता (बायोप्सी न करता) थेट गर्भपिशवी काढायला सांगत असेल, तर तिथे अडव. एका दवाखान्यात अशी पिशवी काढलेली बाई तीन महिन्यांनी माझ्यापुढे बसली होती; काढलेल्या पिशवीत कॅन्सर होता. नीट तपासून आधीच कळलं असतं तर शस्त्रक्रिया वेगळी झाली असती किंवा शेकच दिले असते. आता दोन्ही अर्धवट. याचा मला राग आहे आणि तो जाऊ नये असं वाटतं.

बऱ्या न होणाऱ्या रुग्णांबद्दल एकच सांगते. दुखणं थांबवणाऱ्या मॉर्फिनच्या गोळ्या स्वस्त आहेत, २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांना त्या ठेवणं सोपं झालं आहे, तरी माणसं तळमळत जातात. कारण घरचे म्हणतात ‘व्यसन लागेल’, आणि जवळच्या दुकानात गोळी मिळत नाही. जिथे मिळते तिथलं अंतर आणि वार तुझ्या वहीत हवा.

आता तुझ्या शिक्षणाचं. टाटा मेमोरियलने टाटा सामाजिक विज्ञान संस्थेबरोबर ‘केवट’ नावाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू केला आहे. रुग्णाला या काठावरून त्या काठावर नेणारा तो केवट. रुग्ण रुग्णालयात शिरल्यापासून त्याला कुठे जायचं, पुढे काय होणार, हे समजावणारे लोक तिथे तयार होतात. तुझ्यासाठी ही पहिली पसंती. दुसरा पर्याय सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी. साथरोगशास्त्र आणि थोडी संख्याशास्त्राची जाण तुला पुढे नोंदणीच्या कामात उपयोगी पडेल. प्रयोगशाळेतला अनुभव वाया जात नाही. तुकड्याचा रिपोर्ट वाचून त्यात कोणती तपासणी राहिली आहे, हे ओळखणारी कार्यकर्ती आमच्याकडे एकच आहे आणि आम्ही तिला जिवापाड जपतो.

पोट भरतं का? जेमतेम. आमच्या ट्रस्टमध्ये नव्या कार्यकर्तीला महिना १८ हजार देतो, आणि तेवढेही द्यायला मला दर मार्चला धावाधाव करावी लागते. मोठ्या रुग्णालयांत आणि संशोधन प्रकल्पांत पगार बरा असतो, पण नेमणूक प्रकल्प संपेपर्यंतच. घरात तुझ्याच कमाईवर चूल असेल, तर लॅबची नोकरी आज सोडू नकोस. शनिवार-रविवार कर. यात कमीपणा काही नाही. दोन वर्षांत कर्जबाजारी होऊन हे क्षेत्र सोडून गेलेली चांगली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यामागे त्यांचे रुग्ण वाऱ्यावर पडले.

संस्था काढण्याबद्दल मी स्पष्ट नाही म्हणते, निदान पाच वर्षं. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी फार अवघड नाही. त्यानंतरचं जड जातं: दरवर्षीचं ऑडिट, विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज, प्राप्तिकर खात्याकडच्या करसवलतीच्या नोंदण्यांचं नूतनीकरण, कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी हवा तर सीएसआर-१ या अर्जाची नोंद. यातलं एक चुकलं तर देणगी अडकते, आणि ज्याला सोमवारी मुंबईला न्यायचं असतं त्याला काय सांगणार? कार्यवाह झाल्यापासून माझा निम्मा वेळ कागदात जातो. तू आत्ता तिशीच्या आत आहेस. हा वेळ रुग्णांजवळ घालव.

पण संस्था निष्फळ असतात असं मी म्हणत नाही. मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ पासून रुग्णांना औषधं पुरवते. रक्ताच्या कॅन्सरवरच्या ग्लिव्हेक या गोळीचं पेटंट मागितलं गेलं, तेव्हा त्या अर्जाला विरोध करणाऱ्यांत ही रुग्णांची संस्था होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १ एप्रिल २०१३ ला पेटंट नाकारलं गेलं; स्वस्त पर्यायी गोळ्या रुग्णांना मिळत राहिल्या. वर्षानुवर्षं औषध वाटताना रुग्णाला कोणती गोळी परवडत नाही, हे त्यांना नेमकं माहीत होतं. एखादी गोष्ट तुला अशी नेमकी माहीत झाली, आणि ती करणारी दुसरी संस्था जिल्ह्यात नाही असं दिसलं, तर मग ये, तुझा ट्रस्टचा अर्ज मी स्वतः भरून देईन.

तोवर असं कर. सिव्हिलच्या बाह्यरुग्ण विभागात किंवा जवळच्या कॅन्सर रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांना भेट, आठवड्याचा एक दिवस माग. पहिला महिना फक्त बाकावर बसून ऐक. दुसऱ्या महिन्यापासून दहा रुग्ण तुझे. दहाच. त्यांचे फोन, घरचा पत्ता, शेजाऱ्याचा फोन, पुढची तारीख. सहा महिन्यांनी त्या दहा जणांपैकी कोण कुठे आहे, हे वही न उघडता सांगता आलं, तर पुढचे दहा घे.

आणि एक, जे तू विचारलं नाहीस. आईला ४४ व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला. एवढ्या कमी वयात झाला की तो घराण्यातून आलेला नाही ना, हे पाहायचं असतं. टाटा मेमोरियलमध्ये यासाठी जनुकीय समुपदेशन होतं. ते मावश्या, आजी, मामा सगळ्यांची माहिती विचारतात आणि शक्यतो आधी आईचं रक्त तपासतात. त्यात काही निघालं तर मग तुझं. काही निघालं नाही तरी तुझी स्वतःची तपासणी कधीपासून आणि कशी करायची, हे तिथल्या डॉक्टरांना विचारून घे. आईच्या वयाच्या दहा वर्षं आधीपासून ती सुरू करावी असं सहसा सांगतात. तुझ्यासाठी म्हणजे चौतिसाव्या वर्षापासून.

आईचा शेवटचा फॉलोअप कधी झाला, हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. तुझ्या वहीतलं पहिलं नाव त्यांचं लिही. फाइल काढ, तारीख बघ, आणि चुकली असेल तर याच आठवड्यात सिद्धेश्वरचं तिकीट काढ.